मीठ फक्त माशाला

कोणी धापा टाकत काही सांगायला आलं
की लिअँडर हाइन्स आधी विचारायचा, स्वतः पाहिलंस?
आणि ऐकून झाल्यावर म्हणायचा, मीठ फक्त माशाला.
गॅनेट कोव्हमध्ये मीठ सगळीकडेच असतं.
कॉड वाळवायच्या फळ्यांखालून बुटांना चिकटून घरात येतं,
त्याच्या कीबोर्डच्या फटींतही होतं थोडं.

सतराव्या वर्षी साप्ताहिकात खिळे जुळवायला लागला.
उलटं वाचायची सवय तेव्हाची,
म्हणूनच बहुतेक मंत्र्याचं पत्रक तो शेवटच्या ओळीपासून वाचायचा.
मग समुद्रातले मासे संपले, मासेमारी बंद झाली,
अंक आठ पानांचा चार पानांवर आला,
आणि एका गुरुवारी आलाच नाही.

वर्नाने स्वयंपाकघरातलं टेबल दिलं.
जेवायच्या वेळी उचल म्हणजे झालं, म्हणाली.
साठीला आलेला माणूस दोन बोटांनी टाइप करत बसला.
पहिली बातमी: धुक्यामुळे सकाळची बोट रद्द.
एकोणीस जणांनी वाचली,
त्यातले अकरा धक्क्यावरच उभे होते.

हार्डवेअरवाला जाहिरातीचे पैसे द्यायचा नाही, सरपण द्यायचा.
खरे पैसे द्यायचा माशांचा कारखाना.
त्याच कारखान्याचा पाइप
रात्री खाडीत घाण सोडतो असं कानावर आलं,
तेव्हा तीन रात्री खडकावर बसला टॉर्च घेऊन.
छापलं ते एवढंच: पाइपची रुंदी, तारखा, वेळा.
एकही विशेषण नाही.
दुपारपर्यंत जाहिरात गेली.
कारखान्यातला मुकादम म्हणजे वर्नाचा भाऊ गस.
त्या नाताळाला त्याची खुर्ची रिकामी,
पुढच्याही.
वर्ना काही बोलली नाही. स्वयंपाक नेहमीइतकाच करायची,
एका माणसाचं उरायचं.

आणि ध चा मा त्याच्याही हातून झाला.
मेला होता ऑल्टन क्रिच, छापला एल्टन.
तासाभरात एल्टन दारात, टोपी निथळतेय.
वाचलं, म्हणाला. छान लिहिलंयस.
बायकोला रडताना पाहून जरा बरंही वाटलं.
लिअँडर हसला नाही.
दुरुस्ती वर्षभर सगळ्या बातम्यांच्या वर ठेवली,
लोक म्हणाले पुरे आता, तरी ठेवली.

मी त्यानंतरची.
माझी आई मनिलाहून त्याच कारखान्यात आलेली,
आणि मला मासे सोलायचे नव्हते.
त्याने कागद पुढे सरकवला:
तुझं नाव तू लिही. दोनदा.
मारिबेल. मारिबेल.
या गावात तोवर कोणी विचारलं नव्हतं.

बातमी कशी लिहायची ते फारसं शिकवलं नाही.
कोणाला कधी फोन करायचा नाही, ते शिकवलं.
बुडालेल्याच्या घरी आधी पाद्री जाऊ दे.
पोरं प्यायलेली सापडली तर नावं नको, गाव लहान आहे.
जेवताना कधी म्हणायचा, कागदाचं बरं होतं,
शिळा झाला तरी मासा गुंडाळता यायचा.
हे नुसतं नाहीसं होतं,
ऑगस्टचं बिल भरायचं राहिलं तर.
त्या बिलाची तारीख फ्रिजवर अजून त्याच्याच अक्षरात आहे.

काल त्याची फाइल उघडली.
स्वतःबद्दल त्यानेच लिहून ठेवलेलं, नऊ ओळी,
तारखेची जागा मोकळी.
पाचव्या ओळीत वर्नाच्या माहेरच्या आडनावात
एक अक्षर जास्त वाटलं.
चूक, की माझी परीक्षा?
फोन हातात घेतला आणि लक्षात आलं
असलं मी त्यालाच विचारायचे.

चर्चमागच्या टेकडीवर गेले. धुकं होतं.
टॉर्च दगडाला टेकवून वाचलं, बोटानेही वाचलं.
एकच एल.

परत येऊन अक्षर काढलं, तारीख घातली.
पण ते खाली गेलं.
वर दुसरंच लावावं लागलं आधी,
लोक धक्क्यावर निघाले असतील:
सकाळची बोट नाही.